सरोदे मॅडम आणि खोटं बोलणारं पान

‘सर्व्हर डाउन आहे’ हे वाक्य आमच्या ऑफिसात चालत नसे. बुऱ्हाणपुरातल्या बाकीच्या ऑफिसांत ते सर्रास चालायचं, आजही चालतं, पण आमच्याकडे सरोदे मॅडम होत्या. कुणी तसं म्हणालं की त्या खुर्ची फिरवायच्या, चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि विचारायच्या, “पडद्यावर काय लिहून आलंय? शब्द सांगा.”

शब्द कुणालाच सांगता येत नसत. काहीतरी एरर आला, लाल अक्षरात होता, एवढंच. मग त्या उठून त्या टेबलाशी जायच्या आणि पहिलीतलं मूल वाचतं तसं एकेका शब्दाखाली बोट धरून पडद्यावरचं सगळं वाचायच्या. वाचून झालं की शंभर पानी वहीत वेळ आणि ते शब्द जसेच्या तसे उतरवायच्या. दुरुस्ती त्यानंतर. आम्ही या वहीची खूप थट्टा केली. मीही केली.

मूळच्या त्या गणिताच्या बाई. गावातल्या एका मराठी शाळेत शिकवायच्या. पोरं हळूहळू हिंदी आणि इंग्रजी शाळांकडे गेली, वर्ग रिकामे झाले, शाळा बंद पडली, आणि शाळा ज्या संस्थेची होती तिनं त्यांना आपल्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात आणून बसवलं. ‘बसवलं’ हाच शब्द बरोबर आहे, कारण त्यांनी काही काम करावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. चाळिशी उलटलेली बाई, लॅबच्या किल्ल्या सांभाळेल, पंखे बंद करेल. चार वर्षांत खोली नंबर नऊमधला सर्व्हर त्यांच्याशिवाय कुणाला कळेना झाला. माउसला त्या शेवटपर्यंत ‘माऊस’ असं लांबवून म्हणायच्या, पण त्या मशीनच्या पोटात काय चाललंय हे त्यांना पंख्याच्या आवाजावरून सांगता यायचं.

मी प्रवेश विभागात क्लार्क. माझं टेबल त्यांच्या दारासमोर. त्या मला ‘चौधरी भाऊ’ म्हणायच्या. दुपारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढून पहिला तुकडा मोडायच्या आधी डबा माझ्याकडे सरकवायच्या, आणि मी नाही म्हटलं तर पुन्हा विचारायच्या नाहीत. आग्रह करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. राग मात्र होता. तो ज्यांनी पाहिला नाही त्यांना खरा वाटायचा नाही, कारण रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, खाली जायचा, आणि समोरच्याला त्या ‘आपण’ म्हणायला लागायच्या. त्यांच्या तोंडून ‘आपण’ ऐकलं की शिपाई चहाचे कप उचलून निघून जायचा.

एररच्या पानांची गोष्ट सांगायची तर थोडं मागून सांगावं लागेल. वेबसाइटवर काही बिघडलं की आपल्याला एक पान दिसतं, त्यावर इंग्रजीत एक आकडा असतो आणि दोन तुटक ओळी. मॅडमना हे पटायचं नाही. म्हणून आमच्या कॉलेजच्या साइटसाठी त्यांनी ही पानं स्वतः लिहिली, हिंदीत आणि मराठीत, प्रत्येक बिघाडासाठी वेगळं. पत्ता चुकीचा टाकला तर ‘हे पान आमच्याकडे नाही, पत्ता पुन्हा तपासा.’ आणि आमचंच मशीन बंद पडलं असेल तर त्यांचं पान असं होतं: ‘आमच्या मशीनमध्ये बिघाड झाला आहे. तुमची काही चूक नाही. तुमचा अर्ज सुरक्षित आहे. थोड्या वेळानं पुन्हा पाहा किंवा खोली नंबर नऊमध्ये या.’

प्राचार्यांनी त्यावर हरकत घेतली होती. संस्थेनं आपली चूक अशी जाहीर कबूल करावी का, असा त्यांचा प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या की, शाहपूरहून चाळीस रुपये खर्चून आलेल्या पोराला आपण खोटं सांगायचं का, एवढंच मला सांगा. प्राचार्य भले होते. त्यांनी सही केली.

मग एकीकरण आलं. संस्थेची गावात तीन कॉलेजं होती, तिन्हींची तीन ऑफिसं, तीन वेबसाइट. वरून ठरलं की सगळं एक करायचं. तीन वर्षं आम्ही हाच एक शब्द ऐकत होतो, प्रत्येक परिपत्रकाच्या डोक्यावर तो असायचा. रजिस्टरं एक झाली, पावतीपुस्तकं एक झाली, दोन शिपाई जास्तीचे ठरून घरी गेले. तिसऱ्या वर्षी, ऐन प्रवेशाच्या तोंडावर, वेबसाइट एक झाली. इंदूरच्या एका कंपनीला काम दिलं. त्यांनी येऊन आमचा जुना सर्व्हर नव्या आवृत्तीवर चढवला, पेढे वाटले, संस्थेच्या सचिवसाहेबांबरोबर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला हाक मारली. पडद्यावर त्यांचं ते पान होतं, पण अक्षरांच्या जागी नुसते आकडे, टिंबं आणि उलटेसुलटे परदेशी अक्षरांचे तुकडे. रंग गेलेला, संस्थेचं चिन्ह गेलेलं, त्या जागी रिकामी चौकट. मला वाटलं पान खराब झालं. त्या म्हणाल्या, “पान चांगलं आहे. नवा सर्व्हर ते इंग्रजी समजून वाचतोय.” लिपी कोणती हे ब्राउझरला सांगणारी एक ओळ असते, ती नव्या आवृत्तीत बदलली होती. चित्राचंही तसंच. मुख्य पानावरून उघडलं तर चिन्ह दिसायचं, आतल्या पत्त्यावरून उघडलं तर सर्व्हर ते भलत्याच जागी शोधायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी दोन्ही शोधून काढलं आणि वहीत लिहिलं.

पण आता फाइलला हात लावायचा अधिकार कंपनीकडे गेला होता. कंपनीचे प्रोजेक्टवाले साहेब त्या आठवड्यात इथंच होते. मॅडम वही घेऊन त्यांच्याकडे गेल्या. ते सभ्यपणे हसले आणि म्हणाले, “मॅडम, एरर पेज कौन पढ़ता है?”

मॅडमनी चष्मा पुसला. “ज्याचं काम अडलंय तो वाचतो,” त्या म्हणाल्या. “आपलं कधी अडलं नसेल.”

साहेबांना मराठी समजत होतं की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी मॅडमची सगळी पानं साइटवरून गेली होती. त्यांच्या जागी कंपनीनं एकच पान लावलं, सगळ्या बिघाडांसाठी एकच, सुबक, रंगीत, संस्थेच्या चिन्हासकट. त्यावर स्वच्छ हिंदीत लिहिलं होतं की या क्रमांकाची नोंद सापडली नाही, अर्ज भरलेला नाही किंवा अपूर्ण आहे. आता पान दिसायला बरोबर होतं. कुणाची काही तक्रार उरली नाही.

गुणवत्ता यादी लागली. पोरांनी आपला अर्ज क्रमांक टाकायचा, नाव आलं का ते पाहायचं आणि चार दिवसांत येऊन प्रवेश पक्का करायचा, अशी व्यवस्था होती. दरवर्षी या चार दिवसांत माझ्या खिडकीसमोर रांग फाटकापर्यंत जायची. त्या वर्षी गेली नाही. मला बरंच वाटलं. रोज संध्याकाळी कंपनीकडून छापील अहवाल यायचा, त्यात सगळ्या ओळी हिरव्या, एरर शून्य, आणि खाली ‘सर्व व्यवस्थित’ यावर प्रवेश विभागाची सही लागायची. ती सही माझी होती. दोन दिवस मी ती केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. “चौधरी भाऊ, पोरं कुठं गेली?”

मी म्हटलं, ऑनलाइन झालंय सगळं, गर्दी कमी होणारच.

“प्रवेश पक्का करायला तर इथंच यायचंय ना?”

त्या परत गेल्या आणि सर्व्हरची नोंदवही उघडून बसल्या. सर्व्हर स्वतःच एक रोजनिशी लिहीत असतो, कुणी काय मागितलं, त्याला काय दिलं, दिलेलं पान केवढ्या वजनाचं, म्हणजे किती मोठं होतं. प्रत्येक ओळीत ‘ठीक’ असा शेरा होता, म्हणून तर अहवाल हिरवा. मॅडम त्या ओळींखाली बोट धरून वाचत राहिल्या. तासाभरानं त्यांनी मला आत बोलावलं.

“हे वजनाचे आकडे वाचा,” त्या म्हणाल्या.

मी वाचले. पाचसहा ओळी वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एकच आकडा पुन्हा पुन्हा वाचतोय.

“वेगळी पोरं, वेगळी नावं, वेगळे मार्क. मग सगळ्यांचं पान अगदी एकाच वजनाचं कसं?”

ते वजन त्या सुबक रंगीत पानाचं होतं. झालं होतं असं की तीन कॉलेजांची पोरं आता एकाच दारातून येत होती, पण आतल्या माहितीसाठ्यात एका वेळी किती जणांना घ्यायचं ती मर्यादा जुन्या एका कॉलेजापुरतीच राहिली होती. गर्दी झाली की साठा दार लावून घ्यायचा. तो बिचारा खरं सांगत होता, मला आत्ता जमत नाही म्हणून. पण पुढे बसलेला नवा सर्व्हर ते ऐकून बाहेरच्या पोराला सांगायचा की तुझी नोंदच नाही, आणि वर स्वतःच्या रोजनिशीत लिहायचा, ठीक. मॅडमनी सेटिंगच्या फाइलमधली ती ओळ मला दाखवली. सगळ्या बिघाडांचे आकडे एका रांगेत, पुढे ते एक पान, आणि त्याला ‘ठीक’ म्हणावं असा हुकूम. एक ओळ, दीड वीत लांब. कुणीतरी ती बसून लिहिली होती.

मी म्हटलं, चूक झाली असेल त्यांच्याकडून. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पान वेडंवाकडं दिसत होतं तेव्हा निदान लोकांना कळत होतं की मशीन बिघडलंय. आता ते खोटं बोलतंय आणि छान दिसतंय.” मग त्यांनी माझ्या सहीचे दोन्ही अहवाल मागितले, वहीत चिकटवले, आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सचिवसाहेबांकडे त्या दुपारी एकीकरण समितीची बैठक होती. प्रोजेक्टवाले साहेबही होते. मॅडमना कुणी बोलावलं नव्हतं. त्या लॅपटॉप घेऊन आत गेल्या, मागून मी गेलो. त्या बोलायला लागताच सचिवसाहेब म्हणाले, “मॅडम, रिपोर्ट तो सब ग्रीन है. ये बाद में देखेंगे.”

मॅडमनी वाद घातला नाही. कर्मचाऱ्यांची पगारपत्रकंही त्याच साइटवर गेली होती. त्यांनी लॅपटॉप सचिवसाहेबांपुढे ठेवला आणि म्हणाल्या की साहेब, आपला कर्मचारी क्रमांक टाका. त्यांनी टाकला. नाव, हुद्दा, सगळं आलं. मॅडमनी मला खूण केली. आधी ठरल्याप्रमाणे मी खोली नंबर नऊमध्ये जाऊन माहितीसाठा बंद केला आणि परत आलो. आल्यावर पाहिलं तर सचिवसाहेबांनी क्रमांक पुन्हा टाकला होता आणि पडद्याकडे बघत बसले होते. ‘या क्रमांकाची नोंद सापडली नाही.’

“हे काय नाटक आहे?” ते म्हणाले.

“नाटक नाही, साहेब. आपण या संस्थेत नोकरीला नाही असं आपला सर्व्हर म्हणतोय. आपल्याला हसू येईल, कारण आपल्याला माहीत आहे आपण कोण ते. सतरा वर्षांच्या पोराला ते माहीत नसतं. त्याला वाटतं मीच चुकलो.”

प्रोजेक्टवाले साहेब म्हणाले की ये तो सेटिंग का छोटा इश्यू है, दहा मिनिटांत होईल. आणि खरोखर दहा मिनिटांत झालं. मला आजही सगळ्यात जास्त चीड याचीच येते. दहा मिनिटांचं काम, आणि जी बाई पहिल्याच दिवशी वही घेऊन गेली होती तिला विचारलं होतं, कोण वाचतं.

प्रवेशाची मुदत आणखी तीन दिवस वाढली. पण ज्यांनी आपलं नाव नाही म्हणून साइट बंद केली ते पुन्हा कशाला उघडतील? मॅडमनी सर्व्हरच्या रोजनिशीतून त्या एका वजनाच्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या. प्रत्येक ओळीत अर्ज क्रमांक होता, अर्जावर फोन होता. त्या आणि मी दोघं ओळीनं फोन लावत बसलो. कुणी बुऱ्हाणपुरातच दुसरीकडे पैसे भरून बसलं होतं, कुणी खंडव्याला गेलं होतं. बहादरपूरच्या एका मुलानं तीनदा विचारलं, खरंच माझं नाव आहे का, आणि मग आईला फोन दिला, तिनंही तेच विचारलं. काही जणांना आता इच्छाच उरली नव्हती. ते ‘राहू द्या’ म्हणाले, आणि मॅडमनी त्यांचीही नावं वहीत लिहिली.

शाहपूरच्या योगिता नावाच्या मुलीचा फोन लागेना. यादीत तिचं नाव फार वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम एसटीनं, म्हणजे आमच्याकडच्या खाजगी बसनं, शाहपूरला गेल्या. मला म्हणाल्या, चला, तुमच्या सहीचं काम आहे. मी गेलो.

घर केळीच्या बागांना लागून होतं. वडील केळीच्या गाड्या भरायला जायचे, ते नुकतेच आले होते, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. मॅडमनी सांगितलं की मुलीचं नाव यादीत आहे, अर्ज बरोबर होता, मशीननं चुकीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी पोरीले मारलं, मॅडम.”

मॅडमनी चष्मा पुसला.

“दोन महिने म्हणू राह्यली होती, फारम भरला, फारम भरला. कॅफेवाल्यानं मले दाखवलं, बाप्पा इथं लिहेल आहे, भरलाच नाही. मी म्हटलं झूट बोलते. जन्मात तिले हात लावला नव्हता. तुमच्या मशीनचं खरं मानलं अन् पोरीचं नाही मानलं.”

मुलगी दाराच्या आत उभी होती. मॅडमनी तिला विचारलं की तू काय म्हणालीस बाबांना. ती म्हणाली, काही नाही. आणि मग, “मलेबी वाटलं मीच कुठं चुकली असीन.”

मॅडम तिथंच ओट्यावर बसल्या. त्यांनी वहीचं मधलं पान काढलं आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. कु. योगिता हिचा अर्ज वेळेत, पूर्ण आणि बरोबर भरलेला होता. त्याची नोंद नाही असं आमच्या संस्थेच्या सर्व्हरनं सांगितलं ते असत्य होतं. चूक संस्थेची आहे. खाली निर्मला सरोदे, तारीख. मग वही आणि पेन माझ्याकडे केलं. मी सही केली. त्या आठवड्यातली ती माझी तिसरी सही. मॅडमनी तो कागद वडिलांच्या हातात न देता मुलीच्या हातात दिला.

योगिताचा प्रवेश मुदतीच्या शेवटच्या दुपारी झाला. वडील बरोबर आले होते, खिडकीपासून लांब उभे होते. मुलगी कागदावर नाव लिहीत होती तेव्हा ते तिच्या पेनाच्या टोकाकडे बघत होते.

पंधरा दिवसांत मॅडमना नोटीस आली. चालू यंत्रणा परवानगीशिवाय बंद केली हा एक आरोप, आणि संस्थेच्या वतीनं अनधिकृतपणे लेखी कबुली दिली हा दुसरा. तो कागद कुणीतरी कौतुकानं मोबाइलवर फिरवला होता. यंत्रणा मी बंद केली होती, हात माझा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मला नोटीस आली नाही आणि मी मागून घेतली नाही. मॅडमनी उत्तरात लिहिलं की बंद करण्याचा निर्णय माझा होता. मला त्यांनी ते दाखवलंही नाही, फाइलमध्ये लावताना मी वाचलं.

त्याच महिन्यात कंपनीला एकीकरण यशस्वी केल्याबद्दल सन्मानपत्र दिलं गेलं. ते मीच टाइप केलं.

मॅडमना ग्रंथालयाच्या काउंटरवर पाठवलं. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती त्यांनी पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत काढली. शिक्के सरळ मारायच्या. दुपारचा डबा काउंटरमागे एकट्या खायच्या; ग्रंथालयात बाहेरून डबा आणायला मनाई होती म्हणून मी जात नव्हतो, निदान स्वतःला मी असं सांगत होतो. साइटवरचं पान तोवर पुन्हा बदललं. आता त्यावर डोकं खाजवणारा एक कार्टूनचा रोबो होता आणि खाली ‘ओह! कुछ गड़बड़ हो गई.’ कुणाची गडबड, अर्जाचं काय झालं, विचारायचं कुणाला, यातलं एक अक्षर त्यावर नाही. आजही नाही.

निवृत्तीच्या निरोपाला त्यांनी शाल घेतली, भाषण केलं नाही. पुढच्या वर्षी प्रवेश सुरू झाले त्या दिवशी सकाळी त्या आपणहून आल्या आणि माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसल्या. पोरांचे मोबाइल हातात घेऊन वाचून द्यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सूचना लागली की बाहेरच्या व्यक्तींना आवारात मनाई आहे. चौकीदार त्यांचा जुना विद्यार्थी, त्याला हे सांगवेना. मॅडमनीच बोट धरून सूचना पूर्ण वाचली, त्याला ‘बराबर आहे’ म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढच्या आठवड्यातला दिवस, ऊन कडक होतं. फाटकाबाहेर रसवंतीवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. समोर एक बाई उकिडवी बसलेली, लेकीला घेऊन आलेली, आणि मोबाइल मॅडमच्या हातात. त्यांनी तो लांब धरला होता आणि बोटानं ओळ दाखवत त्या बाईला काही सांगत होत्या. मागं अजून तीन-चार पोरं उभी होती. मी आवारात होतो, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, हातात आदल्या संध्याकाळचा अहवाल. फाटक उघडंच होतं. मध्ये वीसेक पावलं असतील. मी ती चाललो नाही. अहवालावर सही करायची राहिली होती, मी आत वळलो.